भिंतीपासून हातभर

त्या गल्लीत कुणाच्याही घरात जा, एक गोष्ट तुम्हाला खटकेल. खाट भिंतीला लागलेली नाही. मधे हातभर जागा मोकळी. खोली एवढीशी, माणसांना पाय पसरायला जागा नाही, कपाट अर्धं दारात आलेलं, आणि खाट मात्र अशी मधोमध, जणू कुणी झाडायला ओढली आणि परत सारायला विसरलं. घरात नवीन सून आली की पहिल्याच दिवशी ती खाट भिंतीला सारायची, आणि घरातलं कुणीतरी मुकाट्याने परत ओढायचं. कारण विचारलं तर म्हणायचे, "असू दे, बरं असतं." बरं कसलं डोंबलाचं! भिंतीवर कुणाचा भरवसा नव्हता, एवढंच.

भरवसा असणार तरी कसा? सगळी गल्ली चिकणमातीवर उभी. चिकणमाती ही काय चीज आहे ते तिच्यावर राहिल्याशिवाय कळत नाही. पाणी प्यायली की फुगते आणि घर वर उचलते. वाळली की आकसते आणि घर खाली सोडते. बरं, सगळं घर एकदम उचललं असतं तरी हरकत नव्हती. पण ही बया एक कोपरा उचलणार आणि दुसरा तसाच ठेवणार. मग दारं अडकतात, खिडक्या लागत नाहीत, टेबलावरची पेन्सिल आपली आपण घरंगळत जाते, आणि भिंतीत विटांच्या सांध्यासांध्यातून जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग चढत जाते. कोरड्या दिवसांत तिच्यात बोटं जातात, ओल आली की नखसुद्धा जात नाही.

याच गल्लीत भेगामिस्त्री राहायचा. खरं नाव होतं त्याला, पण ते घेणारी त्याची आई गेली आणि नावही तिच्याबरोबर गेलं. बाकी सगळे, अगदी तोंडावरसुद्धा, भेगामिस्त्रीच म्हणत. धंद्याने गवंडी. दिवसभर शहरात लोकांची घरं बांधायचा आणि उरलेल्या वेळात गल्लीतल्या भेगा बुजवायचा. दरवर्षी त्याच भेगा. समोरच्या शिंपीकाकांकडे गेला की खिडकीखालच्या भेगेला म्हणायचा, "आलात का परत? या, बसा." आणि थापीने माल भरायला लागायचा. शिंपीकाका करवादायचे, "अरे, कायमची घालव की तिला!" मिस्त्री हसायचा. "काका, ती भिंतीची नाहीच. ती जमिनीची आहे. जमीन शांत बसेल तेव्हा जाईल." आणि जमीन काही शांत बसत नव्हती.

म्हणून त्या गल्लीत पाण्याचा धाक. असा धाक तुम्ही कुठे पाहिला नसेल. भांडी घासा, कपडे धुवा, अंघोळी करा, पण त्यातला थेंब दारात सांडायचा नाही. सगळं बादलीत जमा करायचं आणि गल्लीच्या टोकाच्या पक्क्या गटारात नेऊन ओतायचं. दिवसभर बादल्यांची ये-जा. कुणाच्या दारात कुंडी नाही, वेल नाही, झाड तर नाहीच नाही. एखाद्या पाहुण्याने सवयीने दारात चूळ भरायला तोंड पुढे केलं की पाचसात घरांतून एकदम आवाज यायचा, "अहो, अहो, जोत्याजवळ नको!" पाहुणा बिचारा तोंडातलं पाणी गिळून टाकायचा.

या धाकाच्या बाबतीत मिस्त्री सगळ्यांच्या वरताण होता, आणि त्याला कारण होतं. नुकतं मिसरूड फुटलं होतं, हातात थापी नवी होती, तेव्हा त्याने आईसाठी एक खोली बांधली. स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं काम. भिंत ओळंब्यात, सांधे सरळ. वस्ताद येऊन पाठीवर थाप मारून गेले. पण पलीकडच्या घराचा एक नळ बरेच दिवस गळत होता, थेंब थेंब, आणि ते पाणी जोत्याखाली मुरत होतं. एका सकाळी आई बादली रिकामी करायला बाहेर पडली आणि मागे भिंत आडवी झाली. धुरळा खाली बसल्यावर मिस्त्रीने पाहिलं, आईची खाट विटांखाली. उशी होती तिथे अख्खा थर पडलेला. आई दारात रिकामी बादली घेऊन उभी.

मिस्त्रीने भिंत परत बांधली, आई त्याच खोलीत पुढे कितीतरी वर्षं राहिली. पण रोज झोपायच्या आधी खाट हातभर लांब ओढायची. लेकाला एका शब्दाने टोचलं नाही बाईने, फक्त खाट ओढायची. फरशीवर खाटेचे पाय घासल्याचा तो आवाज पलीकडच्या खोलीत मिस्त्रीला ऐकू यायचा आणि त्याच्या काळजात चर्र व्हायचं. तिचं बघून शेजारणींनी खाटा ओढल्या, आणि मग ती गल्लीची रीतच पडली.

मिस्त्रीला एकुलती एक लेक. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून घरात तिला ठकी म्हणत. ठकी शिकली आणि रस्ते खात्याच्या प्रयोगशाळेत माती तपासायच्या कामाला लागली. तिची आई, म्हणजे आमची मिस्त्रीणबाई, म्हणाली, "माती तपासायला एवढं शिकावं लागतं? आपल्या घरात रोज फुकट तपासून मिळते की!" मिस्त्रीणबाईंचा खरा दावा मात्र मातीशी नव्हता, राखेशी होता. शहराच्या कडेला विजेचं केंद्र. वारा फिरला की त्याच्या धुराड्याची राख उडत यायची आणि दोरीवरचे धुतलेले कपडे करडे करून जायची. किती वर्षं ती बाई धुराड्याच्या नावाने बोटं मोडत होती, विचारू नका. "मेली राख!" हे तिचं दिवसातलं पहिलं वाक्य असायचं.

आणि मग खात्याने गल्लीवर फुली मारली. घरं राहण्याजोगी नाहीत, जमीन भरवशाची नाही, सगळ्यांना उठवून शहराबाहेरच्या नव्या इमारतींत नेऊन ठेवायचं. ठकीचे वरिष्ठ, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते स्वतः सांगायला आले. माणूस वाईट नव्हता. पण भेगांकडे बघून तो तरी काय करणार? शिंपीकाका मशीन सोडून उठले आणि म्हणाले, "माझं गिऱ्हाईक तिकडे येणार आहे का?" आईची खोली सोडायची, या विचारानेच मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ठकीने साहेबांना गाठलं. तिने आणि प्रयोगशाळेतल्या मंडळींनी एक गोष्ट बरेच महिने करून पाहिली होती. ती गल्लीत करून बघू द्या, म्हणाली. मातीच सुधारायची. गल्लीचा रस्ता आणि घरांच्या जोत्यांलगतची जमीन पक्की झाली, तर पाणी खाली मुरणार नाही, खालची माती फुगणार नाही आणि आकसणारही नाही. साहेब बरेच आढेवेढे घेत कबूल झाले. आधी गल्लीतला एक पट्टा. त्यावर टँकरने पाणी तुंबवायचं आणि मग भरलेला ट्रक चालवायचा. टिकला तर सगळी गल्ली तशी करू, कुणी हलायचं नाही. खचला तर घरं रिकामी.

त्या दिवशी ठकी बापाला हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन गेली. लांबलचक खोली, सिमेंटचे ओटे, त्यावर पत्र्याचे डबे, चाळण्या, वजनकाटे, आणि सगळीकडे मातीचा वास. तिने काचेची दोन भांडी पुढ्यात ठेवली. दोन्हींत पाणी. मग मातीचे दोन गोळे दाखवले, लिंबाएवढे.

"बाबा, हा आपल्या गल्लीतल्या मातीचा. आणि हाही आपल्याच मातीचा. पण याच्यात थोडी वीज केंद्राची राख आहे, थोडी पोलाद कारखान्याची मळी दळून घातलीय, आणि चिमूटभर चुनाभट्टीतली वाया गेलेली धूळ."

मळी म्हणजे लोखंड वितळताना वर तरंगून येते ती घाण. कारखान्याच्या मागे तिचे ढीगच्या ढीग पडलेले, कुणी फुकट नेईना. मिस्त्रीने नाक मुरडलं. ठकीने दोन्ही गोळे पाण्यात सोडले.

पहिला गोळा पाण्यात पडला तोच त्याच्या अंगावरून धूर निघाल्यासारखं झालं. कडा सुटल्या, पापुद्रे गळाले, आणि बघता बघता चहात साखर बसावी तसा तो तळाशी बसला. नुसता गाळ. हे मिस्त्रीला नवीन नव्हतं. हेच तर त्याने जन्मभर पाहिलं होतं. त्याचं लक्ष दुसऱ्या भांड्याकडे होतं. तिथे गोळा होता तसा. एक बुडबुडा सुटला, बस. ठकीने चहा मागवला, चहा आला, गार झाला, मिस्त्रीने कपाला हात लावला नाही. तो खाली वाकून, काचेला नाक लावून बघत होता. पाणी नितळ. गोळा जसाच्या तसा.

ठकीने तो काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. "दाबा."

गवंड्याचा हात तो. विटा झेलून झेलून कातडं जोड्यासारखं झालेलं. त्याने मूठ आवळली, दात-ओठ खाऊन आवळली, शेवटी दोन्ही हातांनी. गोळ्याला काही झालं नाही. त्याने तो हुंगला, कानाशी नेऊन टिचकी मारली. मग हळूच विचारलं, "आत कोण धरून ठेवतंय याला?"

"चुना राखेला आणि मळीला जागं करतो. मग ती दोघं मातीचे कण एकमेकांना बांधतात. हळूहळू, आतल्या आत. फक्त त्यांना पाणी लागतं, बाबा. पाणी आणि वेळ."

मिस्त्री गोळा बोटांत फिरवत राहिला. बायकोने जिला जन्मभर शिव्या घातल्या ती राख. कारखान्याने मागे फेकलेली मळी. भट्टीने झटकून टाकलेली धूळ. तिन्ही नकोशा वस्तू, आणि त्या कुणाला सांभाळून घेतात, तर चौथ्या नकोशीला, त्याच्या गल्लीतल्या या अवदसा मातीला! त्याने तो गोळा खिशात घालून घरी आणला आणि आईच्या खाटेखाली ठेवला. पण लेकीने शेवटी काय सांगितलं, ते पाण्याचं, ते त्याने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

पट्ट्याचं काम सुरू झालं. राखेचा ट्रक गल्लीत शिरला तेव्हा मिस्त्रीणबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं वरून पडत होती ती कमी झाली का, आता ट्रक भरून दारात आणताय?" ट्रकवाला हसून हसून लोटपोट. माती उकरली, वाळलेली ढेकळं फोडली, राख, मळी, धूळ पसरली, पाणी शिंपडून सगळं एकजीव केलं आणि वरून रोलर फिरवला. करडा, गुळगुळीत पट्टा तयार झाला. गल्ली इतकी अरुंद की एका कडेला मिस्त्रीच्या घराचं जोतं आणि दुसऱ्या कडेला शिंपीकाकांचं.

नेमकं ठकीला नमुने घेऊन दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जावं लागलं. निघताना बॅग खांद्याला लावून ती म्हणाली, "बाबा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. वाळू द्यायचं नाही. वर गोणपाट टाकलंत तर उत्तम. तुम्ही स्लॅबला मारता ना, अगदी तसंच."

"मला शिकवतेस?" मिस्त्री म्हणाला. "जन्म गेला पाणी मारण्यात."

आणि ते खोटं नव्हतं. मिस्त्रीने स्लॅबवर किती पाणी ओतलं असेल, त्याचा एक तलाव झाला असता. पण स्लॅब डोक्यावर असतो, बाबांनो. ही पायाखालची माती होती, आणि ती जोत्याला टेकलेली. लेक गेल्यावर त्याने बादली भरली, पट्ट्याच्या टोकाशी उभा राहिला आणि पहिलं पाणी टाकलं. पाणी चटकन आत गेलं. एक काळा डाग उमटला आणि मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर तो डाग जोत्याकडे सरकायला लागला. सरकला की नाही देव जाणे, त्याला तसं दिसलं. कानात खाट ओढल्याचा आवाज घुमला. हात थरथरला. त्याने बादली उचलली आणि सरळ गल्लीच्या टोकाला जाऊन गटारात ओतली.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर टाच आपटून पाहिली. टणक! "वाळली की दगडच होतेय," तो शिंपीकाकांना म्हणाला, आणि शिंपीकाकांनीही आपली टाच आपटून मान डोलवली. आता ह्याला काय म्हणावं! चिकणमाती वाळली की टणक होतेच. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. त्याच टणकपणाने तर त्यांना आजवर फसवलं होतं. पण माणसाला जे करायची भीती वाटते ते करायला नको असं सांगणारी कुठलीही गोष्ट पटते. मिस्त्री रोज सकाळी कामाला जायचा, संध्याकाळी टाच आपटून बघायचा आणि समाधानाने घरात शिरायचा. दारापुढे बायकोने गोणपाटं अंथरली होती. राख पायाला लागून घरात येऊ नये म्हणून असतील, असं समजून तो त्यांना पाय पुसायचा.

ठकी परत आली ती थेट गल्लीच्या तोंडाशीच खाली बसली. पट्ट्यावर नख ओढलं. नखाखाली भुकटी आली. तिने दुसऱ्या जागी ओढलं, तिथेही भुकटी. घरात येऊन तिने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"बाबा, पाणी मारलं होतं ना?"

आतमध्ये मिस्त्रीणबाई भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

"मारलं की," मिस्त्री म्हणाला.

थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज परत सुरू झाला, आधीपेक्षा जरा जास्तच. ठकी भिंतीकडे बघत बसून राहिली. "मग माझं प्रमाण चुकलं. मळी कमी पडली, नाहीतर राखच वेगळी होती. सगळ्या गल्लीला मी आशा लावली बाबा, आणि माझंच चुकलं." खोटं एकदा बोलून बसलं की त्याच्यावरून उठता येत नाही माणसाला. संध्याकाळभर मिस्त्री उगाच थापी घासून लखलखीत करत बसला, आणि त्याच वेळी बाहेर खात्याचा टँकर पट्ट्यावर पाणी सोडत होता.

सकाळी सगळी गल्ली बाहेर. पट्ट्यावर रात्रभर तुंबलेलं पाणी कडेला काढून दिलं होतं. मिस्त्रीणबाईंनी आपल्या दारापुढची भिजलेली गोणपाटं गोळा करून बाजूला ठेवली. खडीने भरलेला ट्रक कोपऱ्यावर घरघरत उभा. साहेबांनी हात केला.

ट्रकची पुढची चाकं पट्ट्यावर आली आणि लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. करडा राडा दोन्ही बाजूंना उसळला. कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं. ड्रायव्हरने जोर लावला, ट्रक दोन घरं पुढे सरकला, मागे खोल चाकोऱ्या सोडत. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. ठकी पुढे झाली.

"साहेब, प्रमाण माझं होतं. चूक माझी आहे."

तेव्हा मिस्त्रीला राहवलं नाही. त्याला वाटलं, आता आपण गप्प बसलो तर आपल्या हातून दुसरी भिंत पडेल, आणि या वेळी लेक तिच्याखाली असेल. तो गर्दीतून वाट काढत समोर आला.

"तिचं काही चुकलं नाही. मी पाणी मारलं नाही. एक दिवससुद्धा नाही. काल तिच्याशी खोटं बोललो."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले, "मिस्त्री, मला मुलगी आहे. मीही हेच बोललो असतो."

म्हणजे झालं! जन्मात एकदा माणूस चारचौघांत खरं बोलला आणि ते कुणी खरं मानेना. मिस्त्री हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात अडकलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने वैतागून सगळा जोर लावला. चाकं फिरली, राडा उडाला, ट्रकने एक हिसका दिला आणि पुढे गेला. मिस्त्रीच्या दारासमोर आल्यावर ट्रकची एक बाजू वर चढली. नुसती वर. दुसरी बाजू शिंपीकाकांच्या बाजूला चिखलात तशीच. अख्खा ट्रक कलून उभा. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ साहेब! इथे खाली फरशी घातलीय का कुणी?"

सगळे धावले. ठकी आधी पोचली. मिस्त्रीच्या दाराच्या बाजूचं चाक ओल्या, करड्या जमिनीवर उभं होतं, आणि त्याच्याखाली नख शिरेल एवढीसुद्धा खूण उमटलेली नव्हती. गल्लीच्या बरोबर मध्यावर एक रेघ. रेघेच्या अलीकडे दगड, पलीकडे लापशी. तीच माती, तीच राख, तोच रोलर. मिस्त्री गुडघ्यांवर बसला. कमरेला खोचलेली थापी काढली आणि त्या जमिनीवर मारली. थापी खणकन वाजली. रात्रभर पाण्याखाली राहिलेल्या चिकणमातीवर थापी वाजली! त्याने परत मारली, परत वाजली. मग त्याने तळहात टेकवला आणि तसाच राहिला, कितीतरी वेळ. पन्नाशी उलटलेला माणूस, भर गल्लीत, जमिनीवर हात ठेवून रडत होता आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

"इथेच कसं?" साहेब म्हणाले. "इथे काय वेगळं केलं?"

"मी पाणी घातलं," मागून मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

गल्लीतल्या सगळ्या माना वळल्या. बाई ओले हात पुसत उभ्या होत्या, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव.

"लेकीने जाताना सांगितलं होतं ना, पाणी घाला, गोणपाट टाका. हे काही घालेनात. पहिल्याच दिवशी बादली गटारात ओतताना मी पाहिलं. मग हे कामाला गेले आणि दुपारी गल्ली झोपली की मी घालायची. भांड्यांचं, कपड्यांचं, सगळं. वर गोणपाट."

मिस्त्री जमिनीवरूनच तिच्याकडे बघत होता. "जोत्याजवळ? तू पाणी घातलंस? तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. रोज वाटली. घालायची आणि आत जाऊन भिंतीला हात लावून बघायची. म्हणून तर अर्ध्यापर्यंतच घातलं. शिंपीकाकांच्या बाजूला कशी घालणार? भिंत पडायची तर आपली पडू दे, म्हटलं."

"म्हणजे चिखल तेवढा माझ्या दाराला!" शिंपीकाका ओरडले, पण त्यांचाही आवाज फुटला होता.

"काल बोलली का नाहीस?" मिस्त्रीने विचारलं.

"मला वाटलं, तुम्हीच सांगाल. वाट बघत होते."

ठकी आईच्या गळ्यात पडली. साहेब त्या मधल्या रेघेवर वाकून एका बाजूला बोट दाबत होते आणि दुसऱ्या बाजूला बोटाने ठोकत होते, परत परत, लहान मुलासारखे. शेवटी उठले. "प्रमाण बरोबर आहे. पूर्ण गल्ली करू. जोत्यांलगतसुद्धा," ते म्हणाले. "फक्त या वेळी पाणी कोण मारणार?"

कुणी काही बोलायच्या आत मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "हेच मारतील."

आणि त्यानेच मारलं. काम पुरं झाल्यावर पहिली बादली शिंपीकाकांच्या दारात ओतायची होती. शिंपीकाका आत भिंतीला तळहात लावून उभे, डोळे मिटलेले. मिस्त्रीचे हात त्या दिवशीही थरथरत होते. ते काही बंद झाले नाहीत, तो थरथरत्या हातांनीच ओतत राहिला. गल्लीतल्या लोकांनी जुनी गोणपाटं आणली, फाटक्या चादरी आणल्या. ज्या गल्लीत पाहुण्याला चूळ भरायची चोरी, ती गल्ली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आठवडाभर ओलीचिंब होती.

ओल्या दिवसांचा एक फेरा येऊन गेला, मग कोरडे दिवस आले. मिस्त्रीने नेहमीच्या वेळी माल कालवला, घमेलं उचललं आणि शिंपीकाकांकडे गेला. खिडकीखाली त्याने मागे भरलेली रेघ होती, तशीच. केस शिरेल एवढीही फट नव्हती. त्याने बोट फिरवलं, थापीची कड लावून पाहिली. तिथून पुढच्या घरी गेला, तिथून पुढच्या. घमेल्यातला माल घट्ट व्हायला लागला आणि त्याला भरायला जागा सापडेना. या सगळ्यांखाली, नजरेआड, राख आणि मळी मातीला धरून बसली होती, आणि त्या मातीवर सगळी गल्ली निवांत उभी होती. मिस्त्री भर दुपारी गल्लीच्या मधोमध थांबला आणि पायाखाली बघत राहिला. त्याला चपला घालून तिथे उभं राहणं बरं वाटेना. त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि घरी आला.

आईच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने फरशीवर खाटेचे पाय घासल्याचा आवाज आला. मिस्त्रीणबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय ओढताय?"

"ओढत नाही," मिस्त्री म्हणाला. "सारतोय."

खाट भिंतीला टेकली. तिच्याखालचा तो मातीचा गोळा घरंगळून बाहेर आला. मिस्त्रीने तो उचलून खिडकीत ठेवला, खाटेवर बसला आणि स्वतः बांधलेल्या त्या भिंतीला पाठ लावली. आधी जरा अवघडून, मग पुरती. बायको हात पुसून आली आणि शेजारी टेकून बसली.